गेम घरबसल्या डाउनलोड होतो, मग लाँच इव्हेंटला एकटीने कशाला जायचं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. आवडत्या शूटर गेमचा, म्हणजे गोळीबाराच्या व्हिडिओ गेमचा, फॅन लाँच आहे, गेम बाजारात येतो तेव्हाचा चाहत्यांचा कार्यक्रम, पण गेम त्याच वेळी घरी डाउनलोडही होणार आहे, मग तिथे जाऊन मिळतं काय? आणि सोबतीला कोणी नाही, तर मुलीने एकटीने जावं का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. जा. मी एकटीच गेले होते, आणि सोबत कोणी असतं तर जे घडलं ते घडलंच नसतं असं मला आजही वाटतं.

माझा लाँच होता ‘हेलो 3’चा. 24 सप्टेंबर 2007, सोमवारची रात्र. मी तेव्हा अमेरिकेत सिअ‍ॅटलजवळ रेडमंडला नोकरीला होते. हा गेम करणारी बंजी कंपनी शेजारच्याच कर्कलंड गावात होती आणि एक्सबॉक्स हे गेम खेळायचं यंत्र बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्टचं मुख्यालय आमच्या गावात, त्यामुळे तिथे या गेमची हवा एखाद्या सणासारखी होती. बेलव्ह्यूच्या बेस्ट बायमध्ये त्या रात्री खुद्द बिल गेट्स उभे राहून गेम विकणार होते. तिथली गर्दी टाळून मी घराजवळच्या एका छोट्या दुकानात बुकिंग केलं होतं.

तो दिवसच वेगळा होता. पहाटे पाचला उठून आम्ही आठ-दहा जण एका मैत्रिणीकडे जमलो होतो, कारण जोहान्सबर्गला पहिल्या ट्वेंटी-20 विश्वचषकाची फायनल होती, भारत विरुद्ध पाकिस्तान. मिसबाहने मारलेला तो चेंडू श्रीशांतच्या हातात गेला, आपण पाच धावांनी जिंकलो, आणि घसा बसलेल्या अवस्थेत मी तशीच ऑफिसला गेले. दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. पुण्याला घरी फोन करायचा होता. या सगळ्यातून वाट काढत रात्री आठला मी रांगेत उभी राहिले.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मी शूटर गेम शिकले पुण्यात, सायबर कॅफेत, काउंटर-स्ट्राइकवर. धाकट्या भावाबरोबर जायचे. ‘डस्ट टू’ नावाचा मॅप, म्हणजे खेळातलं मैदान, लावायचा, पाच इकडे पाच तिकडे. ज्याने मला मारलं तो दोन खुर्च्या सोडून बसलेला असायचा, मान वळवून हसायचा, आणि तासाचे पैसे संपले की आम्ही सगळे बाहेर चहा प्यायचो. माझ्यासाठी गेम म्हणजे हे होतं. अमेरिकेत आल्यावर जुना एक्सबॉक्स घेतला, ‘हेलो 2’ ऑनलाइन खेळायला लागले, उत्साहाने हेडसेटही विकत आणला. पहिल्या आठवड्यात मी माइकवर ‘रॉकेट आपल्याकडे आहे’ एवढंच बोलले असेन. मुलीचा आवाज ऐकल्यावर पलीकडून जे सुरू झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. रोज तेच. मी हेडसेट काढून खणात टाकला आणि पुढे दोन वर्षं तोंड न उघडता खेळले.

हेलो खेळला नसेल तर यात काय मोठं असं वाटेल. पण या गेममध्ये प्रत्येकाला एक कवच असतं. काही सेकंद मार बसला नाही की ते पुन्हा भरतं. म्हणजे एकट्याने थोडंथोडं मारून उपयोग नाही, दोघांनी एकाच वेळी एकाच माणसावर नेम धरावा लागतो. शिवाय रॉकेट, स्नायपर यांसारखी जड शस्त्रं ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळाने पुन्हा येतात. कोण कुठे आहे, कुणाचं कवच उतरलंय, रॉकेट यायला किती वेळ आहे, हे ज्या टोळीत बोललं जातं ती जिंकते. मुक्याने खेळणारी माणसं टोळीला ओझं होतात. मी चांगली नेमबाज होते आणि तरी ओझं होते. हे मला फार लागायचं.

रांग का होती तेही सांगते. ‘हेलो 2’ नोव्हेंबर 2004 मध्ये आला आणि त्याची कथा ऐन मोक्याला तुटली. नायक मास्टर चीफ म्हणतो की ही लढाई संपवायला निघालोय, आणि पडदा काळा. तीन वर्षं लोक त्या काळ्या पडद्यापाशी अडकले होते. शिवाय तेव्हा एक्सबॉक्सवर असा मोठा गेम डाउनलोड करून मिळत नव्हता, डिस्कची डबी हातात घ्यावी लागायची. दुकानांकडे खोकी आधीच आलेली असायची, पण ठरलेल्या तारखेआधी विकायला सक्त मनाई. म्हणून तारीख बदलते त्या मिनिटाला दुकान उघडायचं, रात्री बाराला. त्या रात्री अमेरिकेत 10,000 हून जास्त दुकानं अशी उघडी होती, आणि पहिल्या एका दिवसात तिथे 17 कोटी डॉलरची विक्री झाली.

पण तुम्ही आकड्यांसाठी विचारलेलं नाही.

दुकान एका छोट्या बाजारपेठेत होतं, बाजूला लाँड्री आणि पिझ्झाचं दुकान. मी गेले तेव्हा पुढे चाळीसेक माणसं असतील. दुकानातल्या मुलाने बुकिंगची पावती बघितली, ओळखपत्र बघितलं (गेम 17 वर्षांवरच्यांसाठी होता) आणि मनगटाला कागदी पट्टा बांधला. काचेच्या आत एका टीव्हीवर आधीचा भाग लावून ठेवला होता, चार-चार जणांचे सामने चालले होते. हरलेला बाहेर, पुढचा आत.

माझ्या पुढे एक पोरगा मास्टर चीफ होऊन आला होता. सगळं चिलखत घरी केलेलं. जवळून बघितलं तर व्यायामाच्या फोमच्या चटया कापून, गरम गोंदाने चिकटवून, वर हिरवा रंग मारला होता. चेहऱ्यावर मोटरसायकलच्या हेल्मेटची काच, तिला सोनेरी कागद. मांडीजवळचा सांधा उसवला होता आणि त्याचे वडील थर्मास काखेत धरून, गुडघ्यावर बसून, चिकटपट्टीने तो नीट करत होते. चार तासांत तो पोरगा एकदाही बसला नाही, कारण त्या चिलखतात बसता येतच नव्हतं. आपल्याकडे देखाव्यासाठी रात्र रात्र थर्माकोल कापणारी मुलं असतात ना, ती मला आठवली. तीच तन्मयता, बोटांवर तेच गोंदाचे चट्टे.

मागे एक आई होती, पंधरा वर्षांच्या मुलाला घेऊन. तिने मला सरळ विचारलं, यात रक्त किती आहे? मी सांगितलं, आहे, पण बरंचसं परग्रहावरच्या प्राण्यांचं, निळं आणि जांभळं. मग मी तिला हेही सांगितलं की रक्ताची चिंता करू नका, मुलाच्या कानातल्या हेडसेटमधून काय ऐकू येतं आणि तो स्वतः काय बोलतो, ते अधूनमधून ऐकत जा. तिने मान वळवून मुलाकडे बघितलं. मुलगा बुटांकडे बघत राहिला.

दहाला मी भावाला फोन लावला. आमच्याकडे रात्रीचे दहा म्हणजे पुण्यात सकाळचे साडेदहा. तो मंडईत टिळक पुतळ्यापाशी उभा होता, कसबा गणपतीची मिरवणूक निघत होती. ‘थांब, ऐकवतो,’ म्हणाला आणि त्याने फोन वर धरला. ढोल-ताशाचा तो पहिला ठोका कानावर आला आणि माझे डोळे भरले. दोन वर्षांत मी घरच्या मिरवणुकीला नव्हते. चिलखतातल्या पोराने काच वर करून विचारलं, हे काय आहे? मी स्पीकर सुरू केला. रांगेतली आठ-दहा डोकी त्या छोट्या फोनवर वाकली. फोनमधून ढोल कसला फाटका येतो, पण ठेका येतोच. कुणीतरी पायाने धरला, मागच्या मुलाने दुकानाच्या काचेवर बोटांनी. मी त्यांना सांगितलं की हे दिवसभर चालणार, रात्रभरही चालेल, आणि आम्हाला रांगेत, गर्दीत उभं राहण्याची लहानपणापासूनची सवय आहे. मग बोलणं थांबलंच नाही. त्यातल्या कुणीतरी हेलोची धून गुणगुणायला सुरुवात केली, ती शब्दांविना खर्जातली, मठात घुमावी तशी, आणि एकेक करत पन्नासेक माणसं गायला लागली. त्या गाड्या उभ्या करायच्या मोकळ्या जागेत, थंडीत. मी पण गायले.

अकराच्या सुमाराला विषय ऑनलाइन खेळण्याकडे गेला आणि गेमरटॅग, म्हणजे ऑनलाइन खेळातली नावं, विचारले गेले. पिझ्झाच्या पावतीच्या मागे एकाने सगळ्यांचे लिहून घेतले. आठ नावं. माझं सांगताना मी म्हटलं, मी माइक वापरत नाही. का, असं विचारल्यावर खरं कारण सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होते. कुणी लगेच काही बोललं नाही. मग चिलखतवाल्या पोराचे वडील म्हणाले, ‘आज लाव.’ ते स्वतःही खेळायचे. पावतीवर त्यांचंही नाव होतं.

बाराला दार उघडलं. दहा-दहा जणांना आत घेत होते, पाच मिनिटांत माझ्या हातात डबी होती. खरं सांगायचं तर तो क्षण फार लहान होता. ज्याच्यासाठी लाँच असतो तो भाग सगळ्यात पटकन संपतो.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर असं: गेम घरी मिळेल, तो तिथे शोधू नका. शक्य तेवढ्या लवकर जा. अंधार पडल्यावर एकटीने परतायचं असेल तर येण्याजाण्याची सोय आधी पक्की करा, घरी कुणाला तरी सांगून ठेवा. स्टेजवर कुणी प्रसिद्ध खेळाडू येणार असला तरी सगळा वेळ त्याच्याकडे तोंड करून घालवू नका, रांगेत शेजारी कोण आहे ते बघा. आणि परत येताना माणसांची खेळातली नावं घेऊन या. ‘हेलो 3’ ज्यावर चालायचा त्या एक्सबॉक्स 360 वरचे त्याचे ऑनलाइन सर्व्हर 13 जानेवारी 2022 ला बंद झाले, आता तो त्या यंत्रावर तसा खेळता येत नाही. माझी डबी कपाटात आहे, आत ती पिझ्झाची पावती आहे. शाई उडत चाललीय, पण नावं वाचता येतात.

घरी पोचले तेव्हा पाऊण वाजला होता. कथेचा भाग आधी खेळावा अशी फार इच्छा होती, तीन वर्षांचा काळा पडदा होता मध्ये. पण आठातले चार जण ऑनलाइन दिसत होते आणि बोलावणं आलेलं होतं. खण उघडला, हेडसेटची गुंडाळलेली वायर सोडवली, कंट्रोलरला लावला.

मॅप आला ‘व्हॅलहॅला’. लांबलचक दरी, मधून ओढा, दोन्ही टोकांना एकेक तळ, मधल्या टेकडीवर लेझर हे जड शस्त्र. आठ विरुद्ध आठ. आमच्या पाचांशिवायचे तिघं अनोळखी. मी उजव्या कड्याने पुढे गेले आणि तिथून मला समोरच्या टोळीतले लाल रंगाचे दोघं खडकाआडून टेकडीकडे येताना दिसले. बाकी कुणाला ते दिसणं शक्य नव्हतं. घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं. मी बोलले, ‘उजवीकडून दोघं, खडकामागे, पुढच्याचं कवच उतरलंय.’

त्या अनोळखी तिघांपैकी एकाने, ‘ही मुलगी आहे का?’ असं विचारलं. त्याला कुणी उत्तर दिलं नाही. ‘बघितला,’ एवढंच ते थर्मासवाले वडील म्हणाले, आणि तिघं एकदम उजवीकडे वळले.