सातवीच्या वर्गात ६५ मुलं, प्रयोगशाळा नाही, खर्चाला पैसे नाहीत. विज्ञानाचे कोणते प्रयोग करता येतील?

तुम्ही लिहिलंय की शाळा दापोली तालुक्यात किनाऱ्यालगत आहे, प्रयोगशाळेच्या नावाने एक कुलूपबंद कपाट आहे आणि जे काही आणायचं ते स्वतःच्या खिशातून. मीही रत्नागिरी जिल्ह्यातच, खाडीकाठच्या हायस्कुलात सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. कोकणातल्या शाळा म्हटलं की पटसंख्या घटल्याच्याच बातम्या येतात, पण चार वाड्यांची मुलं जिथे एकत्र येतात तिथल्या हायस्कुलात वर्ग कसा खचाखच भरतो हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही.

आधी एक सांगते. टेबलावर करून दाखवायचे प्रयोग बाजूला ठेवा. ६५ मुलांत मागच्या बाकांना फक्त तुमची पाठ दिसते. सोड्यात व्हिनेगर ओतून ज्वालामुखी फसफसवायचा प्रकार तर मी बंदच केला. मुलं ओरडतात, आपल्याला वाटतं तास रंगला, आणि वहीत लिहायला काही उरत नाही. पाण्यात मेणबत्ती पेटवून वर ग्लास पालथा घालण्याचंही तसंच. 'ऑक्सिजन संपला म्हणून पाणी एक पंचमांश चढलं' हे त्यामागचं नेहमीचं स्पष्टीकरणच चुकीचं आहे. ज्योतीने तापलेली हवा थंड होऊन आकसते, पाणी मुख्यतः त्यामुळे चढतं. एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावा, पाणी आणखी वर चढेल, आणि ग्लासातला ऑक्सिजन काही तिप्पट झालेला नसतो. शिवाय ६५ मुलांत आग कशाला?

प्रयोग निवडताना मी एकच बघते: मुलं जास्त असल्यामुळे हा प्रयोग बिघडेल की सुधारेल? सुधारणारे प्रयोग असतात, आणि ते बहुतेक फुकटातले असतात.

सुरुवात दोलकापासून करा. प्रत्येक जोडीला सुतळीचा तुकडा आणि एक खडा, बस्स. लांबी मात्र प्रत्येक जोडीची वेगळी: कुणाची २० सेंटिमीटर, कुणाची ३५, कुणाची मीटरभर. सुतळी हातात धरू देऊ नका, हात हलतो आणि झोके बिघडतात. बाकाच्या कडेला पेन्सिल अर्धी बाहेर काढून तिच्यावर दोन-तीन पुस्तकं ठेवायची आणि सुतळी पेन्सिलीला बांधायची. मीटरभर सुतळी असेल त्या जोड्यांना खिडकीचे गज द्या, बाकावरून त्यांचा खडा जमिनीला टेकतो. लांबी मोजायची ती गाठीपासून खड्याच्या मध्यापर्यंत. घड्याळ एकच, तुमच्या हातात. तुम्ही 'सुरू' म्हणायचं, ३० सेकंदांनी 'थांबा', आणि मधल्या वेळात प्रत्येकाने आपापले झोके मोजायचे. एक झोका म्हणजे जाऊन परत येणं, हे आधी दोनदा बजावा, नाहीतर अर्ध्या वर्गाचा आकडा दुप्पट येतो.

मग फळ्यावर आलेख. आडवी लांबी, उभे झोके, आणि प्रत्येक जोडीने येऊन आपला ठिपका काढायचा. २५ सेंटिमीटरला ३० झोक्यांच्या आसपास, ५० ला २१, मीटरला १५. तीसेक ठिपके पडले की फळ्यावर आपोआप एक वाकडी रेघ दिसायला लागते, आणि एखादा ठिपका तिच्यापासून लांब पडलेला असतो. मी तो पुसत नाही. त्या जोडीला पुन्हा मोजायला लावते, बाकीचे श्वास रोखून बघतात. लांबी चौपट केली की झोके निम्मे होतात, हे कुणीतरी स्वतःहून म्हणतंच. मग खडा सोडून सुपारी बांधायला सांगा. आमच्याकडे घराघरात माडा-पोफळींची वाडी, सुपारीला काय तोटा! हलक्या सुपारीचे झोके जास्त होतील यावर बहुतेक वर्ग पैज लावतो, आणि आकडा तोच येतो. हे वीस मुलांच्या वर्गात इतकं ठसत नाही. तीस ठिपके हवेत.

आम्ल-आम्लारीला लिटमस मागवू नका. जास्वंदीची पाकळी पांढऱ्या कागदावर घासा, जांभळट डाग उमटतो. त्यावर लिंबाच्या रसाचा थेंब टाकला की गुलाबी, धुण्याच्या सोड्याच्या पाण्याचा टाकला की हिरवट. हळदीच्या कागदाला साबण लागला की लाल होतो, हे तर हळदीच्या कपड्यांवरून मुलींना आधीच माहीत असतं. कोकमाचं आगळही वापरता येतं, पण ते स्वतःच इतकं आंबट असतं की थेंबभर आगळ वाटीभर पाण्यात घालूनच घ्यायचं, नाहीतर कितीही सोडा टाका, रंग ढिम्म बदलत नाही. घरून एकेक चमचा काहीतरी आणायला सांगितलं की ताक, चिंचेचं पाणी, शाम्पू, विहिरीचं पाणी असं सगळं येतं. चुन्याची निवळी तेवढी स्वतःच्या ताब्यात ठेवा. चुना डोळ्यात गेला तर इजा होते.

त्याच लिंबाने पुढचा तास निघतो. मुलांना आपापल्या घराजवळची मूठभर वाळू आणायला सांगा: कुणी पुळणीवरची, कुणी नदीतली. वाळूवर लिंबू पिळायचं आणि डोळे जवळ नेऊन बघायचं. शिंपल्यांचा चुरा असलेल्या वाळूतून बारीक बुडबुडे येतात, कारण शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट आणि बाहेर पडतो तो कार्बन डायऑक्साइड. नदीच्या वाळूत सहसा काही होत नाही. जांभ्याचा चुराही तसाच गप्प. आपल्याकडे शिंपले भट्टीत भाजून चुना करायचे, हे आजी-आजोबांना विचारून यायला सांगा, धडा घरी पोचतो. आणि बिघडलेल्या स्पीकरचं चुंबक मिळालं तर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून वाळूतून फिरवा. काळे कण चिकटतात, पिशवी उलटी केली की सुटे होतात. पिशवीशिवाय फिरवलंत तर ते कण चुंबकावरून खरवडत बसावे लागतात. रत्नागिरीत एका किनाऱ्याला काळा समुद्र आणि दुसऱ्याला पांढरा समुद्र म्हणतात, ते वाळूच्या रंगावरूनच.

घनतेसाठी अंडं आणि मीठ सगळे सांगतात. वर्गाला आधी विचारा, अंडं समुद्राच्या पाण्यात तरंगेल का? हात धडाधड वर जातात. ताजं अंडं समुद्रात बुडतं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि तेवढे पुरत नाहीत. अंडं वर यायला लिटरभर पाण्यात शंभराहून जास्त ग्रॅम मीठ लागतं. पण हा पुन्हा एकाच अंड्याचा प्रयोग झाला. सगळ्यांच्या हाती द्यायचं तर सुकलेल्या स्केचपेनच्या नळ्या गोळा करा. तळ मेणाने बंद करायचा, नळी पाण्यात उभी तरंगेपर्यंत आत वाळू घालायची, आणि आलेख-कागदाची पट्टी आत सरकवायची. विहिरीच्या पाण्यात नळी जिथवर बुडते, त्यापेक्षा समुद्राच्या पाण्यात दोन-अडीच मिलिमीटर वर राहते. फरक एवढासाच, म्हणून डोळा पाण्याच्या पातळीत आणून वाचायला शिकवावं लागतं, आणि खरं शिकवणं तेच आहे. खाडीच्या तोंडापासून वरच्या वाडीपर्यंतची मुलं आपापल्या ठिकाणचं पाणी बाटलीत आणतात, तेव्हा वर्गातल्या आकड्यांवरून खारं पाणी कुठवर शिरतं ते कळतं. एकदा पावसाळ्यात आणि एकदा मार्चमध्ये करा.

चार-चारच्या टोळ्या करा, त्याहून मोठ्या नकोत. पाचवा मुलगा नुसता बघत बसतो. १९७२ साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ उच्च प्राथमिक शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात झाली, तिथेही चौघांचीच टोळी असायची, आणि त्या शाळा काही श्रीमंत नव्हत्या. टोळीत वाडीवरचा एक आणि बंदरावरचा एक असेल असं बघा. भरती-ओहोटीचा धडा आला की बंदरावरचं पोर सरळ सांगतं, तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. वर्गाने महिनाभर वेळा टिपून ते पडताळायचं, जेट्टीवर मोठं माणूस सोबत असेल तरच. उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) हे शब्द त्या मुलांना आधीच येतात, आपण फक्त चंद्र-सूर्य जोडून द्यायचे.

शून्य सावलीच्या भानगडीत मात्र पडू नका. आपल्या अक्षांशावर सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, एकदा मे महिन्यात शाळेला सुट्टी असताना आणि एकदा ऑगस्टमध्ये, ढगांच्या वर.

त्यापेक्षा जूनच्या पहिल्या आठवड्यात पर्जन्यमापक लावा. दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली खांद्याशी कापायची, वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा बसवायचा. तळ खडबडीत असतो, म्हणून सरळ भाग सुरू होतो तिथवर आधी पाणी भरून रेघ मारायची, तोच शून्य. हवामान खातं सकाळी साडेआठला मोजतं, तुम्हीही तेव्हाच मोजा. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर गेलं की 'मुसळधार', २०४.४ च्या वर 'अतिमुसळधार'च्याही पुढचं, आणि आपल्याकडे तशी रात्र येतेच. बाटली भरून वाहील अशी चिन्हं दिसली तर आदल्या संध्याकाळीही मोजून रिकामी करा आणि दोन्ही आकडे मिळवा. प्रत्येक टोळीची बाटली वेगळ्या रुंदीची असू द्या. रुंद बाटलीत पाणी जास्त उंच चढेल की अरुंद, हे आधी लिहून घ्या आणि मग मोजू द्या. सगळ्यांचे मिलिमीटर जवळजवळ सारखे का आले यावर आमच्या वर्गात मधली सुट्टी संपेपर्यंत भांडण चालतं. एखाद्या टोळीचा आकडा फारच कमी आला तर बाटली कुठे ठेवली होती ते विचारा, बहुधा माडाखाली किंवा पागोळीच्या आत सापडेल.