अक्षरं बरोबर, तरी ओळ गाता येईना

प्रश्न : आमच्या भजनी मंडळासाठी अभंग रचला. ‘पहाटेची वेळ उघडले दार । अंगणात मृदंगाचा नाद ।।’ अक्षरं बरोबर 22 भरतात, तरी गाताना ओळ अडखळते. कुठे चुकतंय?

उत्तर : मोजणीत चूक नाही. जोडाक्षर एकच धरलंत, अनुस्वार वेगळा मोजला नाहीत, ते योग्यच. पण तुम्ही रचलाय त्या ‘मोठा अभंग’ नावाच्या छंदात 22 अक्षरं सलग नसतात. 6-6-6-4 असे चार चरण असतात आणि प्रत्येक चरणाशी चाल टेकते. तुमचा तिसरा चरण पडतो ‘अंगणात मृदं’ आणि चौथा ‘गाचा नाद’. मृदंग मधोमध फुटला! शिवाय दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचं यमक हवं, तेही नाही. असं करून पाहा : ‘पहाटेची वेळ । उघडले दार । वाजे वारंवार । मृदंग तो ।।’

आता ही ओळ 8 मात्रांच्या, म्हणजे आठ ठोक्यांच्या, भजनी ठेक्यात बसवा. एका चरणाला एक आवर्तन, म्हणजे ठेक्याची एक पूर्ण फेरी. अक्षरं सहा, मात्रा आठ, म्हणजे दोन अक्षरं ओढावी लागणार. ती दीर्घच निवडा : प हाऽ टे ची वेऽ ळ. पुढे उ घ ड लेऽ दाऽ र, मग वाऽ जे वा रं वाऽ र. हाताने टाळी देत आधी नुसतं म्हणा, पेटी नंतर. चालीचा ओढा ‘प’वर आला तर ‘पऽहाटे’ होतं, कानाला खटकतं. ह्रस्व इ-उ ओढले तर अर्थच बदलतो : ‘दिन’चा ‘दीन’, ‘सुत’चं ‘सूत’.

शेवटच्या चरणात अक्षरं चारच. तिथे मृ 1, दं 2, ग 1 आणि ‘तो’ला उरलेल्या 4 मात्रा. श्वास ‘तो’च्या शेवटी घ्या, इतरत्र नको. ‘दं’ धरताना लांबवायचा तो अ. अनुस्वार अगदी सुटताना. तोंड आधीच मिटलं की सूर नाकात जातो.

संतांच्या अभंगांतही एखाद्या चरणात पाच किंवा सात अक्षरं सापडतात. गाणारा ती ओढून वा घाईने उरकून सावरून घेतो. नव्याने रचणाऱ्याने मात्र ही सवलत लगेच मागू नये.

प्रश्न : बोलताना आपण ‘वेळ्’, ‘दार्’ म्हणतो. गाताना शेवटचा अ उच्चारायचा का?

उत्तर : अभंगात हो, कारण ते अक्षर मोजलेलं आहे. ‘उघडले’ बोलताना उ-घड्-ले असं तिनात संपतं, छंदात मात्र चार. पण त्या अंत्य अक्षराला एकच मात्रा द्या. लांबवलंत की ‘वेळ’ची ‘वेळा’ आणि ‘वार’चा ‘वारा’ झालाच म्हणून समजा. भावगीतात उलट करतात : सूर ‘दा’वर ठेवून ‘र’ अगदी शेवटी मिटवायचा.

प्रश्न : तार षड्जावर, म्हणजे वरच्या ‘सा’वर, शब्द चिरकतो. गळ्याचा दोष का?

उत्तर : बऱ्याचदा स्वराक्षराचा. ई आणि ऊ म्हणताना तोंड मिटतं आणि आवाज दबतो. जबडा किंचित सैल सोडून ‘ई’ थोडी ‘ए’कडे झुकवा. चाल स्वतः बांधत असाल तर सोपा उपाय आहे : वरच्या सुरावर आ किंवा ओ असलेला शब्द येईल अशीच बांधा.