दुसरा क्लॅरोनेट वाजवणाऱ्या पोरीला

बेटा, अनेक आशीर्वाद.

व्हॉट्सअॅपवर दोन ओळी टाकायच्या सोडून तू चार पानी पत्र पाठवलंस, म्हणजे मनात बरंच साचलेलं दिसतं. वाद्यवृंदात इतके दिवस दुसरा क्लॅरोनेट वाजवून कंटाळा आला. एका ऑर्केस्ट्रावाल्यानं लग्नसराईसाठी विचारलंय, तिथं माइकपुढं उभं राहून सोलो वाजवायला मिळेल, वर पैसेही. आणि बाबा म्हणतात, 'हे पिपाणी फुकणं पुरे, पोलीस भरतीचा फॉर्म भर.' आता काय करू, असं तू विचारतेस.

भरतीचं मी बोलणार नाही, ते तुझं आणि बाबांचं. वाद्यवृंद मात्र एवढ्यात सोडू नको. निदान बारावी होईपर्यंत तरी नको.

का, तर शिस्त लागते म्हणून नव्हे. शिस्त एनसीसीतही लागते. वाद्यवृंदात जे घडतं ते कानाचं घडतं, आणि ते कोवळ्या वयातच घडतं असं माझं मत आहे. बोटं माणूस चाळिशीतही तयार करू शकतो, पण तोवर कान हट्टी झालेला असतो. त्याला फक्त स्वतःचंच ऐकू येतं.

मागच्या मंडईच्या जत्रेतली नाटकाची रात्र आठव. दोन वाजून गेले की आपल्या पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतली थंडी वाद्यांच्या अंगात शिरते. दवानं तबल्याची पुडी सर्द होते, डग्गा बसतो, डफडं तर शेकल्याशिवाय बोलतच नाही. क्लॅरोनेट मांडीवर ठेवून थोडा वेळ बसलं की नळी गार पडते आणि सूर उतरतो. एकटा कीबोर्ड तेवढा जागेवर, त्याला ना थंडी ना दव. तुझ्या शेजारच्या पहिल्या क्लॅरोनेटवाल्यानं काय केलं ते तू पाहिलंस की नाही, ठाऊक नाही. अंतरा संपत आला तसा त्यानं आवाज न काढता नळीत गरम श्वास सोडला, तोंडाजवळचा जोड, ते बॅरल, केसभर आत दाबलं, मग वाद्य ओठाला लावलं. तू तसं केलं नाहीस, त्यामुळे तुझा पहिला सूर खाली लागला. पण दुसऱ्याच सुराला तू ओठ आवळून तो वर घेतलास. मी काही खूण केली नव्हती, माझे दोन्ही हात ऑर्गनवर होते. तू शेजारच्याचं ऐकलंस आणि त्याला जाऊन मिळालीस. घरी पंख्याखाली तानपुऱ्याचं अॅप लावून हे शिकता येत नाही, कारण अॅप कधी उतरत नाही. उतरलेल्या माणसांत सूर शोधायचा असेल तर माणसांतच बसावं लागतं.

आणि ते सोळा-सोळा मात्रा गप्प बसणं! तुझी खरी तक्रार तीच आहे, हो ना? धून पहिल्याकडे, तू खालचे स्वर धरून बसायचं, नाहीतर नुसत्या मात्रा मोजायच्या. मग सायमन रॅटलचं ऐक. हा इंग्लंडचा माणूस पुढे 2002 ते 2018 बर्लिन फिलहार्मोनिक या जर्मनीतल्या वाद्यवृंदाचा मुख्य संचालक होता. पोरवयात तो तिकडच्या नॅशनल यूथ ऑर्केस्ट्रामध्ये होता. रूथ रेल्टन नावाच्या बाईंनी 1948 मध्ये उभा केलेला तो वाद्यवृंद. रॅटल तिथं काय वाजवायचा? तालवाद्यं. म्हणजे सगळ्यांच्या मागं उभं राहायचं, ढीगभर मात्रा मोजायच्या आणि आपली वेळ आली की एक ठोका द्यायचा. मोजताना बाकीच्यांचं सगळं कानावर पडत असतं. पुढे ज्याला शंभर जणांना एकत्र वाजवायला लावायचं होतं, त्याला याहून चांगली जागा कुठली मिळाली असती, मला तरी सुचत नाही. व्हेनेझुएलात होसे अँतोनियो आब्रेऊंनी 1975 मध्ये मुलांच्या वाद्यवृंदांची चळवळ सुरू केली. गुस्तावो दुदामेल तिच्यातच व्हायोलिन शिकत वाढला आणि 2009 मध्ये लॉस एंजेलिसच्या वाद्यवृंदाचा संगीत संचालक झाला.

तुझ्या घरचे म्हणतील, हे गोऱ्यांचं झालं. मग मैहर बघ, आपल्या शेजारच्याच मध्य प्रदेशातलं. शंभरेक वर्षांपूर्वी साथीच्या रोगात तिथली कितीतरी मुलं पोरकी झाली. उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी त्यांना गोळा केलं, हातात वाद्यं दिली आणि मैहर बँड उभा केला. बंदुकीच्या नळ्या कापून नलतरंग बनवला. रविशंकर, अली अकबर, अन्नपूर्णा देवी यांना घडवणारे गुरू ते हेच. एवढे मोठे सोलो वादक घडवणारा माणूस अनाथ पोरांच्या बँडलाही तालीम द्यायचा, त्याला त्यात कमीपणा वाटला नाही. पुढे 1952 मध्ये दिल्लीत आकाशवाणीचा वाद्यवृंद सुरू झाला, तेव्हा त्याची धुरा रविशंकरांकडेच होती.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणशील, मास्तर आपल्याच दुकानाचं गातात. वाद्यवृंदात राग कळत नाही. आलाप, मिंड, एका स्वरावर अर्धा तास बसणं, यातलं काही तिथं होत नाही, व्हायचंही नाही. ते एकटीनं, पहाटे, गुरूपुढे. तू क्लॅरोनेट सुरेल वाजवतेस, पण यमनमध्ये तीव्र मध्यमावर आलीस की घाईघाईनं निसटतेस. त्याला औषध एकच, गळ्यातून गा. गाता येत नाही ते फुंकून येणार नाही. रायचूरचे पंडित नरसिंहलू वडवाटी याच तुझ्या वाद्यावर मैफलीत राग मांडत आले आहेत. त्यांच्या ध्वनिफिती ऐक आणि फुंक कुठं थांबते, कुठं वळते ते टिपून ठेव. गंधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा देत राहा. निदान विशारदपर्यंत जा, उद्या कुठं संगीत शिक्षक म्हणून अर्ज करायचा झाला तर कागद लागतोच. बारावीनंतर छत्तीसगडातल्या खैरागडचा विचार कर. इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय 1956 पासून तिथं, राजवाड्यात भरतं. नागपूर-मुंबई करण्यापेक्षा आपल्याला ते जवळ, गोंदियाहून गाडीनं डोंगरगड आणि तिथून पुढे सडकेनं. गायन हा मुख्य विषय घे, क्लॅरोनेट हातात राहू दे. आणि समज, इकडंच कॉलेज केलंस, तरी विद्यापीठांच्या युवा महोत्सवात लोकवाद्यवृंद हा प्रकार असतो. त्यात तुझ्यासारखी तयार पोर मिळाली तर कुणालाही हवीच असते.

आता पोटापाण्याचं. हे कुणी पोरांना सांगत नाही. दिवाळीनंतर मंडया सुरू झाल्या की होळीपर्यंत आपल्याकडे नाटकांचा हंगाम. गडचिरोलीतल्या वडशाला नाटक कंपन्यांची ऑफिसं गजबजलेली असतात, एकेका रात्री कुठं कुठं पडदे उघडतात. रात्री दहाला नाटक लागतं ते पहाट फुटेपर्यंत. अशा हंगामात वादक आजारी पडतोच, कुणाची गाडी बंद पडते, कुणी भांडून निघून जातं. मग संध्याकाळी चार वाजता फोनाफोनी सुरू होते. तेव्हा कुणी विचारत नाही की सर्वांत फर्डं कोण वाजवतं. विचारतात, 'कोन येऊन बसन बे, तालमीबिगर?' नट ऐनवेळी ठरलेली पट्टी सोडून, काळी दोनऐवजी पांढरी तीनमध्ये सुटला तर जो तोंड वाकडं न करता त्याच्यासोबत जातो, वेळेवर येतो, दारू पिऊन बसत नाही, त्याचं नाव आधी निघतं. आणि ते नाव काढतो कोण? पंधरा वर्षांपूर्वी कुठल्यातरी शाळेच्या पथकात त्याच्या शेजारी बसलेला पोरगाच. मला आजवर मिळालेली बहुतेक कामं अशाच लोकांनी दिली, जाहिरात वाचून एकही नाही. तुझ्या शेजारी आज ऑक्टोपॅड, तो विजेवरचा ढोल, बडवणारा जो पोट्टा आहे, ज्याचा तुला राग येतो, तो उद्या रेकॉर्डिंगचं दुकान टाकेल बघ, त्याची लक्षणं तशीच आहेत. त्याच्याशी बोलत जा.

ऑर्केस्ट्रावाल्याला नाही म्हणू नको. उन्हाळ्यात मोजक्या तारखा घे. माइकपुढं उभं राहण्याची भीड मोडायला ते बरं, आणि हातात आलेले पैसे घरी दाखवले की बाबांचा आवाज थोडा खाली येईल. पण रविवारची तालीम मोडायची नाही, हे त्याला आधीच सांग. वाजवून झाल्यावर घरापर्यंत गाडी कोण सोडणार, सोबत दुसरी बाई कोण, आणि अर्धे पैसे आगाऊ देतोस का, हेही विचार. यातल्या एकाही गोष्टीला तो 'पाहू नं' म्हणाला, तर तू पण 'पाहू' म्हण आणि फोन ठेव. तुझी आई सोबत येत असेल तर उत्तमच, तिला गाण्याचं वेड आहे हे मला ठाऊक आहे, ती फक्त बोलत नाही.

येत्या रविवारपासून मी तुला पहिल्या क्लॅरोनेटला बसवणार नाही. दुसऱ्यालाच बसशील. पण पहिल्याची सगळी धून पाठ करून ये, कारण तो यंदा कापसाच्या वेचणीत दोनदा तरी दांडी मारणार. त्या दिवशी मी ऐनवेळी तुझ्याकडे पाहीन, तेव्हा वही शोधत बसू नको.

बाबांना नमस्कार सांग. भरतीचा फॉर्म भरायला माझी हरकत नाही, धावण्यानं दम वाढतो.

तुझा
मास्तर

ता. क. तुझ्या क्लॅरोनेटच्या तोंडावरची पट्टी, ती रीड, कडेला चिरली आहे, त्या रात्रीच दिसली होती. नागपूरला कुणी जाणार असेल तर तीन मागव, दोन नंबरच्या. एक माझ्या पेटीत ठेवायला दे.