एकविसाव्या वर्षी स्टॉपरचं वय निघून जातं का?

प्रश्न: माझा भाचा 21 वर्षांचा आहे, फुटबॉलमध्ये स्टॉपर, म्हणजे गोलसमोरचा मधला बचावपटू, खेळतो. अजून जिल्हा लीगच्या पुढे गेलेला नाही. घरात सगळे म्हणतात, वय निघून गेलं, आता नोकरी बघ. बचावपटूची व्यावसायिक कारकीर्द नेमकी कशी असते?

उत्तर:

नाही, वय निघून गेलेलं नाही. विंगर, म्हणजे कडेने पळणारा आक्रमक, असता तर मी इतक्या ठामपणे बोललो नसतो. स्टॉपरचं गणित वेगळं असतं, आणि ते घरच्यांना माहीत नसतं म्हणून पोरं बाविसाव्या वर्षी बूट खुंटीला टांगतात. मी मुंबईच्या लीगमध्ये एका ऑफिस टीमकडून नऊ सीझन स्टॉपर खेळलो. आता संध्याकाळी उपनगरातल्या एका मैदानावर पंधरा वर्षांखालच्या मुलांना शिकवतो. त्यामुळे तुमच्या भाच्याची जागा मला आतून माहीत आहे.

आपल्याच मातीतलं उदाहरण घ्या. राहुल भेके. मुंबईचा मुलगा, जन्म डिसेंबर 1990 चा. मुंबई एफसीकडून आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली अव्वल लीग, खेळला, मग कोलकात्यात ईस्ट बंगाल, मधल्या काळात केरला ब्लास्टर्स आणि पुणे सिटी, आणि 2017 मध्ये बेंगळुरू एफसी. भारताच्या सीनियर संघाकडून त्याचा पहिला सामना कधी झाला? जून 2019 मध्ये, थायलंडमधल्या किंग्ज कपमध्ये, क्युरासाओविरुद्ध. तेव्हा तो 28 वर्षांचा होता. तुमच्या भाच्याच्या वयाला त्याचं नाव मुंबईबाहेर फारसं कुणी ऐकलं नव्हतं.

त्याच्या तीनच महिने आधी, 17 मार्च 2019 ला, आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीगची, फायनल अंधेरीच्या स्टेडियममध्ये होती. बेंगळुरू विरुद्ध एफसी गोवा. मी तिकीट काढून गेलो होतो. गोव्याकडे कोरोमिनास होता, त्या सीझनचा सर्वाधिक गोल करणारा. 90 मिनिटं संपली तरी त्याला गोल नाही, कुणालाच नाही. जादा वेळेत गोव्याच्या जाहूला दुसरं पिवळं कार्ड मिळालं आणि ते दहा जणांवर आले. 117 व्या मिनिटाला कॉर्नर मिळाला. दिमास देल्गादोने बॉल आत टाकला आणि भेकेने डोक्याने गोल केला. तो एकच गोल, बेंगळुरू चॅम्पियन. आदल्या वर्षी, अगदी त्याच तारखेला, बेंगळुरू स्वतःच्या मैदानावर चेन्नईयिनकडून फायनल हरली होती, आणि तेव्हा त्यांच्यावर कॉर्नरवरून दोन हेडर मारणारा माइल्सन आल्व्हेस हाही स्टॉपरच होता. एक वर्षभर ते दुखणं उराशी घेऊन खेळलेल्या टीमला त्याच वाटेने कप मिळाला. मी त्या रात्री अंधेरी स्टेशनपर्यंत चालत गेलो, रिक्षात बसावंसंच वाटेना.

पुढे भेके मुंबई सिटीत आला. एप्रिल 2022 मध्ये रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध त्याच्याच हेडरने मुंबई सिटी 2-1 अशी जिंकली. एएफसी चॅम्पियन्स लीग या आशियाई क्लबांच्या स्पर्धेच्या गट फेरीत भारतीय क्लबने जिंकलेला तो पहिला सामना. आणि मे 2024 मध्ये कोलकात्यात मोहन बागानला 3-1 हरवून आयएसएल कप उचलताना कर्णधार तोच होता, 33 वर्षांचा. त्याच्या कारकिर्दीतलं जे जे आपल्याला आठवतं ते सगळं अठ्ठाविशीच्या पुढचं आहे.

आता हे असं का होतं ते सांगतो, कारण तुमचा खरा प्रश्न तो आहे.

स्ट्रायकरचा वेग आणि धाडस अठराव्या वर्षीच दिसतं. स्टॉपरचं काम मुख्यतः नजरेचं आहे, आणि नजर मार खाऊनच तयार होते. माझ्या मुलांना मी पहिले दोन महिने टॅकल शिकवतच नाही. उभं कसं राहायचं ते शिकवतो. दोन्ही पाय एका रेषेत ठेवून समोरच्याकडे छाती करून उभा राहिलेला पोरगा गेलाच म्हणून समजा, कारण बॉल पाठीमागे पडला की त्याला आख्खं वळावं लागतं. अंग अर्धं तिरकं हवं, गुडघे किंचित मोडलेले, वजन चवड्यांवर, टाच जमिनीला नुसती टेकलेली. आणि मान सतत फिरती. बॉल पलीकडच्या बाजूला असताना स्टॉपरने बॉलकडे बघायचं, मग खांद्यावरून मागे आपल्या माणसाकडे, परत बॉलकडे, परत माणसाकडे. मी मुलांना सांगतो, बॉल हवेत असताना तुमचा माणूस कुठे आहे हे मी विचारलं तर मागे न बघता हाताने दाखवता आलं पाहिजे. पंधरा वर्षांच्या मुलाला हे पाच मिनिटं जमतं. विशीतल्याला अर्धा सामना. नव्वद मिनिटं जमायला पंचविशी उलटते, मग पुढची आठ-दहा वर्षं ते अंगात भिनलेलं राहतं. पाय थोडे मंदावले तरी चालतं, कारण तो दोन पावलं आधीच निघालेला असतो.

इटलीच्या पाओलो माल्दिनीकडे बघा. जानेवारी 1985 मध्ये सोळाव्या वर्षी एसी मिलानकडून उतरला आणि 2009 मध्ये, चाळिशी गाठून, त्याच क्लबकडून थांबला. मिलानसाठी 902 सामने. मूळचा उजव्या पायाचा, पण वर्षानुवर्षं लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या कडेचा बचावपटू, खेळला, आणि धाव कमी झाली तसा मधे सरकून सेंटर बॅक, म्हणजे स्टॉपर, झाला. 2007 मध्ये पाचव्यांदा युरोपचा कप जिंकला तेव्हा एकोणचाळिसाव्या वाढदिवसाला महिना उरला होता. हे मधे सरकणं लक्षात ठेवा. फुलबॅकचे (कडेच्या बचावपटूचे) पाय थकले की त्याला स्टॉपरची जागा असते. भेकेही राईट बॅक आणि स्टॉपर दोन्ही खेळत आला. भाच्याला सांगा, आत्ताच एक जास्तीची जागा शिकून ठेव. क्लबला दोन जागा भरून काढणारा माणूस बाकावरही हवा असतो.

पण या जागेचा हिशोब कडक आहे. स्ट्रायकरने चार संधी घालवून पाचवी आत मारली की लोक त्याला खांद्यावर घेतात. स्टॉपरने एकोणनव्वद मिनिटं सगळं बरोबर केलं आणि एकदा चुकला की घरी जाताना तेवढंच सोबत असतं. मला आजही माझे चांगले सामने धूसर आठवतात, पण कुपरेजवर एका संध्याकाळी मी गोलकीपरकडे दिलेला बॅकपास पावसाच्या चिखलात अडकला, तो जसाच्या तसा दिसतो. बॉल थांबला तिथली पिवळट पाण्याची डबकी सुद्धा. आम्ही त्या गोलने खालच्या डिव्हिजनमध्ये गेलो. पुढच्या रविवारी परत उतरायला जे लागतं, ते या जागेचं निम्मं काम आहे, आणि भाच्यात ते आहे की नाही हे तुम्हीच ओळखाल.

याबाबतीत मला सगळ्यात जवळचा वाटतो तो इटलीचा फ्रँको बारेसी. 1.76 मीटर उंचीचा, म्हणजे स्टॉपर म्हणून बुटकाच. इंटर मिलानने लहानपणी त्याला घेतलं नाही, त्याच्या मोठ्या भावाला घेतलं. तो एसी मिलानमध्ये गेला आणि क्लब दोनदा सेरी बीमध्ये, म्हणजे दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये, घसरला तरी सोडून गेला नाही. 1994 च्या वर्ल्ड कपमध्ये नॉर्वेविरुद्ध 23 जूनला त्याच्या गुडघ्यातला मेनिस्कस (सांध्यातली कूर्चा) फाटला, ऑपरेशन झालं, आणि 17 जुलैला तो ब्राझीलविरुद्ध फायनलमध्ये मैदानावर होता. 34 वर्षांचा. समोर रोमारिओ आणि बेबेतो. 120 मिनिटांत ब्राझीलला गोल करता आला नाही. मग पेनल्टीत इटलीचा पहिला फटका बारेसीने घेतला आणि तो बारवरून गेला. इटली हरली. अशा फायनलनंतरही त्याने आणखी तीन वर्षं मिलानसाठी खेळून 1997 मध्ये बूट काढले, आणि क्लबने 6 नंबरची जर्सी कायमची बाजूला ठेवली.

कामही बदलत गेलंय, हे जुन्या माणसांच्या सल्ल्यात येत नाही. 1992 पर्यंत स्टॉपरने बॉल मागे द्यायचा आणि गोलकीपरने हातात घ्यायचा, की संपलं. तो नियम बदलला आणि स्टॉपरला पायात बॉल घेऊन खेळणं भाग पडलं. 1998 पासून मागून केलेल्या धोकादायक टॅकलला थेट लाल कार्ड दिसू लागलं. आमच्या वेळी कोच ओरडायचे, ‘आधी माणूस, मग बॉल’. आज तसं खेळणारा पोरगा ट्रायलमध्ये अर्ध्या तासात बाहेर बसतो. आज बघतात ते त्याचा पहिला टच, डाव्या पायाने तीस मीटरचा पास जातो का, आणि तो बोलतो का.

बोलणं हे फार मोठं आहे. गोव्याच्या धेंपो क्लबचे महेश गवळी आणि समीर नाईक, दोघेही गोव्याचे, भारताच्या बचावात वर्षानुवर्षं खेळलेले. कोच आर्मांदो कुलासोंच्या हाताखाली धेंपोने राष्ट्रीय विजेतेपदं जिंकली त्या टीमचा कणा हे दोघे होते. बचाव हा जोडीचा खेळ आहे. एक पुढे निघाला की दुसऱ्याने मागे झाकायचं, आणि लाईन पुढे घ्यायची तर चौघांनी एकाच क्षणी. त्यातला एक जरी मागे राहिला तरी समोरचा ऑनसाइड, म्हणजे त्याला ऑफसाइडमध्ये पकडता येत नाही. हे सगळं आवाजावर चालतं: ‘वर चल’, ‘धर त्याला’, ‘माझा’, ‘मॅन ऑन’ (मागे माणूस आहे). गप्प स्टॉपर कितीही उंच असला तरी मी त्याला खेळवत नाही.

शरीराचंही सांगायला हवं. माझ्या उजव्या गुडघ्याचं लिगामेंट गेलं तेव्हा मी एकतीसचा होतो, आणि ऑफिसची नोकरी होती म्हणून घर चाललं. डोक्याबाबत तर आता पक्की माहिती आहे. ग्लासगो विद्यापीठाच्या डॉ. विली स्ट्युअर्ट यांच्या टीमने स्कॉटलंडच्या जुन्या व्यावसायिक खेळाडूंचा अभ्यास केला. 2021 मध्ये त्यांनी मांडलं की मेंदू झिजण्याच्या आजारांचा धोका सगळ्यात जास्त बचावपटूंना होता, सर्वसामान्य माणसांच्या जवळपास पाचपट. म्हणून मी मुलांना सरावात हेडर मोजून देतो. भाच्याला सांगा, उडी, वेळ आणि जागा यांचा सराव रोज कर, पण डोक्यावर बॉल आपटवून घेण्याचा नाही. आणि चक्कर आली तर लपवू नकोस.

घरचे नोकरीचं म्हणतात, त्यांचंही खोटं नाही. आपल्या डोळ्यांदेखत महिंद्र युनायटेड 2010 मध्ये बंद झाली, 2017 मध्ये मुंबई एफसी गेली. चांगले खेळाडू एका दिवसात टीमशिवाय झाले. म्हणून पदवी पूर्ण होऊ द्या, आणि त्याच सोबत एआयएफएफचं (भारतीय फुटबॉल महासंघाचं) कोचिंगचं डी लायसन्स करायला लावा. काही दिवसांचा कोर्स असतो. मुलांना शिकवायला लागला की त्याचा स्वतःचा खेळ वाढेल, हे मी स्वतः अनुभवलंय. चोवीस-पंचवीसपर्यंत त्याला वेळ द्या, पण जिल्हा लीगमध्येच बसवून नको. मुंबई, गोवा, बेंगळुरू, जिथे दर आठवड्याला त्याच्यापेक्षा चांगला स्ट्रायकर समोर येईल तिथे एक सीझन राहू द्या, बाकावर का असेना.

आणि पहिल्या ट्रायलला जाताना दोन गोष्टी. लांब स्टडचे आणि साधे, असे दोन्ही बूट पिशवीत असू देत, कारण मैदान कसं निघेल सांगता येत नाही. आणि वॉर्मअपमध्येच शेजारच्या स्टॉपरला नाव विचारून घेऊ दे. पहिल्या मिनिटाला त्याला नावाने हाक मारली की कोच वही उघडतात. मी तरी उघडतो.