करटोलीला फळ का धरत नाही? रानवेलींविषयी वाचकांचे प्रश्न

आषाढ-श्रावणात या सदराकडे येणारे बरेचसे प्रश्न भोपळ्याच्या कुळातल्या रानवेलींचे असतात: करटोली, रानतोंडली, कवंडळ, शिवलिंगी, कडू दोडका. प्रश्नासोबत बहुतेक वेळा नुसत्या पानाचा फोटो असतो. पानावरून या वेली ओळखण्याच्या फंदात पडू नका. एकाच वेलीवर खाली पाच कोनांचं आणि वर खोल कातरलेलं, अशी दोन तऱ्हांची पानं असू शकतात. फूल पुढून, फूल मागून आणि असलंच तर फळ, एवढे फोटो पाठवा.

प्रश्न: गच्चीवर मोठ्या कुंडीत करटोली लावली आहे. तीन पावसाळे झाले, वेल भरभरून फुलते, पण एकही फळ नाही. खत कमी पडतंय का? (ठाणे)

खत पुरेसं आहे, वेल नर आहे. करटोलीत नर आणि मादी वेली वेगवेगळ्या असतात, हे माहीत नसल्यामुळे कितीतरी जण वर्षानुवर्षं शेणखत घालत राहतात. तुम्ही पाठवलेल्या फोटोत ते स्पष्ट दिसतं. फुलाच्या लगेच खाली देठाला मिठी मारलेलं एक छोटं गोलसर हिरवं पान आहे, ती नराची खूण. मादी फुलाच्या पाकळ्यांखाली पहिल्या दिवसापासूनच वाटाण्याएवढी काटेरी गाठ असते. ती गाठ म्हणजेच पुढचं करटोलं.

बी रुजवलं तर साधारण निम्म्या वेली नर निघतात, निम्म्या मादी, आणि फुलं येईपर्यंत काही कळत नाही. शिवाय ताजं बी काही महिने रुजायलाच तयार नसतं. म्हणून लागवड करणारे कंद लावतात किंवा खात्रीच्या मादी वेलीचे दोन पेरांचे तुकडे रुजवतात. शेतात आठ-दहा माद्यांमागे एक नर पुरतो. तेव्हा तुमचा नर उपटू नका, एखाद-दोन मादी कंद मिळवा. भाजी विकायला बसणाऱ्या ठाकर-वारली मावश्यांना पाऊस सुरू होण्याआधी सांगून ठेवलं, तर फळ धरणाऱ्या वेलीचा कंद कुणीतरी आणून देतं. कंद विकत घ्या, फुकट मागू नका.

दोन्ही वेली फुलल्या की काम तुमच्या हाती. करटोलीचं फूल संध्याकाळी उमलतं, अंधारात येणाऱ्या किड्यांसाठी. सातव्या मजल्यावर ते किडे येतीलच याचा भरवसा नाही. दिवेलागणीनंतर नर फूल तोडा, पाकळ्या मागे वळवा आणि पिवळा पराग मादी फुलाच्या मधल्या भागावर हलकेच टेकवा. फूल लागलं असेल तर दोन-तीन दिवसांत गाठ फुगायला लागते, नसेल तर पिवळी पडून गळते. फळ हिरवं आणि बी कोवळं असतानाच काढा.

दिवाळीनंतर वेल वाळेल. ती मेली असं समजून कुंडी रिकामी करू नका. कंद मातीत झोपलेला असतो आणि वळवाच्या पावसाने जागा होतो. त्या काळात पाणी जवळजवळ बंद ठेवा, नाहीतर कुजेल.

जाता जाता: रानतोंडलीतही नर-मादी वेगळे असतात, आणि तिथे तर माणसासारखी एक्स आणि वाय गुणसूत्रंच आहेत. नराच्या पेशीतलं वाय हे बाकी सगळ्या गुणसूत्रांपेक्षा ठळकपणे मोठं दिसतं. वनस्पतींत अशी उघड दिसणारी जोडी फार थोड्या ठिकाणी सापडते. भारतीय शास्त्रज्ञांनी १९४० मध्येच ती नोंदवली होती, आणि पुण्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेत अलीकडे तोंडलीच्या फुलांवर काम झालं आहे.

प्रश्न: आमच्या घाटमाथ्यावर करटोलीसारखीच वेल आहे, पण फूल चांगलं मोठं, झळझळीत पिवळं, आणि सकाळी उमललेलं असतं. ही करटोलीच का? (आंबोली)

बहुधा तिची सख्खी बहीण. सह्याद्रीतली ही वेल २००७ मध्ये मोमोर्डिका सह्याद्रिका या नावाने वेगळी प्रजाती म्हणून नोंदली गेली. तोवर ती करटोलीतच मोजली जात होती. मोठं फूल आणि सकाळची वेळ या तुम्ही सांगितलेल्या दोन्ही खुणा तिच्याच. भाजी तशीच करतात.

प्रश्न: परसातल्या वेलीचे दोडके यंदा कडूजहर निघाले. बांधावर कडू दोडक्याची रानवेल आहे. तिचा पराग लागून आमचे दोडके बिघडले, असं शेजारी म्हणतात. रानवेल काढून टाकू का? (संगमेश्वर)

शेजारी एका वर्षाने चुकताहेत. दोडक्याचा गर आईच्या, म्हणजे तुमच्या वेलीच्या पेशींचा असतो. बाप कोणीही असो, त्याचा परिणाम गरावर होत नाही, तो आतल्या बियांत उतरतो. म्हणजे यंदाच्या परागामुळे यंदाचा दोडका कडू होत नाही. पण त्या दोडक्याचं बी धरून पुढच्या वर्षी लावलंत, तर ती वेल कडू निघू शकते. बांधावरचा कडू दोडका आणि आपला खायचा दोडका ही मुळात एकच प्रजाती, त्यामुळे मधमाशी दोघांची सोयरीक सहज जुळवते. तुम्ही बी घरचंच धरलं होतं, असं पत्रात लिहिलंय. भानगड गेल्या वर्षीची आहे.

आता महत्त्वाचं. हा कडूपणा कुकुर्बिटासिन नावाच्या द्रव्यांचा असतो आणि तो शिजवून जात नाही. कडू कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं तरी कडू ते कडूच, ही म्हण कारल्याची असली तरी कडू दोडक्याला आणि कडू दुधीला ती जास्त लागू आहे. कारल्याचा कडूपणा वेगळ्या द्रव्यांचा, तो आपण पिढ्यान्‌पिढ्या पचवत आलोय. दोडका, दुधी, पडवळ, काकडी हे मात्र एरवी कडू नसतात, म्हणून त्यांतला कडवटपणा हा धोक्याचा इशारा समजायचा. पोटात गेल्यावर तासाभरातच उलट्या, जुलाब, कधी रक्ताची उलटी, रक्तदाब घसरणं, इथवर मजल जाते. त्यावर उतारा नाही, दवाखान्यात सलाईन लावून सांभाळावं लागतं. २०१० मध्ये दिल्लीत दुधीचा असा कडू रस प्यायल्यानंतर एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला होता. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती बसवली. तिचा मुख्य सल्ला आपल्या आज्यांचाच होता: चिरण्याआधी कच्चा तुकडा जिभेला लावून बघा, कडू असेल तर थुंका आणि अख्खं फळ फेका. रसात दुसरे रस मिसळू नका, कारण त्यात कडूपणा लपतो. सकाळी उपाशीपोटी दुधीचा रस पिणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

रानवेल काढू नका. घरचं बी धरायचं असेल तर मादी फुलाला उमलण्याच्या आदल्या दिवशी कागदी पिशवी बांधा, उमलल्यावर आपल्याच वेलीचं नर फूल टेकवा आणि पुन्हा बांधा. एवढा उपद्व्याप नको असेल तर दरवर्षी बी विकत आणा. आणि या वर्षीचं बी चुलीत घाला.

प्रश्न: काविळीवर कुकडवेलीच्या फळाचं पाणी नाकात घालतात. नाकातून पिवळं पाणी गळतं आणि कावीळ उतरते, असं गावात सगळे सांगतात. घ्यावं का? (जिल्हा कळवू नये, अशी विनंती)

नाही. ती काटेरी छोटी फळं अतिशय जहाल असतात. नाकाच्या आतलं नाजूक अस्तर त्यांनी भाजून निघतं, आणि गळणारं पाणी म्हणजे त्या जखमेचा स्राव. कावीळ यकृताची, नाकात तिचं काही नसतं. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते, त्याचं श्रेय कुकडवेलीला मिळतं. नाकातून न थांबणारं रक्त किंवा सुजलेला घसा घेऊन दवाखान्यात गेलेल्यांची गोष्ट मात्र गावात कुणी सांगत नाही. डॉक्टरांकडे जा, रक्त तपासा. आधीच घेतलं असेल तर तेही त्यांना सांगा, लपवू नका.

प्रश्न: शिवलिंगीचं बी कुठे मिळेल? सुनेला तिसरा महिना आहे, मुलगा व्हावा म्हणून द्यायचं आहे.

वेल सुंदर आहे. गोटीएवढं हिरवं फळ, त्यावर खडूने ओढल्यासारखे पांढरे पट्टे, पिकल्यावर तेच फळ लालभडक होतं आणि पट्टे तसेच राहतात. बियांच्या आकारावरून नाव पडलं आणि नावावरून ही समजूत.

तिसऱ्या महिन्यात मुलगा की मुलगी हे ठरवायचं काही उरलेलं नसतं. ते गर्भ राहतानाच बापाकडून आलेल्या गुणसूत्राने ठरलेलं असतं. फळाबियांनी विषबाधा होऊ शकते, आणि गर्भवतीवर असा प्रयोग करणं म्हणजे दोन जीव टांगणीला लावणं. लिंगनिवडीची जाहिरात करायला १९९४ च्या कायद्याने बंदी आहे, म्हणून बी विकणारे ‘वंशवृद्धी’ वगैरे आडवळणाचे शब्द वापरतात. पत्ता माहीत असता तरी दिला नसता. सुनेला सकस जेवण आणि वेळेवर तपासणी द्या.

प्रश्न: तोंडलीच्या पानांवर नेमकी गोल वर्तुळं कापलेली दिसतात. काही ठिकाणी मधली चकती जागेवरच, सुकलेली. हा रोग आहे का? कुंपणावरच्या रानवेलींमुळे येतो का? (निफाड)

रोग नाही. हे भुंगेऱ्यांचं काम आहे. सकाळी लवकर, पानं ओली असताना, पान उलटं करून बघा. एक नारिंगी-तांबडा, नखाहून लहान भुंगेरा सापडेल, किंवा ढालीसारखा फुगीर, काळ्या ठिपक्यांचा दुसरा. यातला कोणीही पानावर बसला की लगेच खायला लागत नाही. तो स्वतःभोवती फिरत आधी एक गोल चर खणतो, शिरा तोडतो, पण चकती एखाद्या धाग्याने लटकती ठेवतो. मग चकतीवर जाऊन सावकाश जेवतो.

असं का? या कुळातली पानं कुरतडली की चिकट रस सुटतो, कडू द्रव्यंही जखमेकडे धावतात, आणि किड्याचं तोंड चिकटून बसतं. चर खणला की त्या चकतीचा पुरवठाच तुटतो. वेलीने लाखो वर्षांत बसवलेली सुरक्षा हा किडा काही मिनिटांत निकामी करतो. मला तर तो मारायच्या आधी दोन मिनिटं बघत बसावंसं वाटतं.

कुंपणावरच्या रानवेलींवर हे भुंगेरे राहतात, हे खरं, आणि फळमाशीही. पण रानवेली काढल्याने ते संपत नाहीत, शेजारच्या शिवारातून येतात. पहाटे ते सुस्त असतात, तेव्हा साबणाच्या पाण्याच्या डब्यात झटकून पाडा. मोठ्या वेलीला चार-दोन वर्तुळांनी काही होत नाही. रोप दोन-चार पानांचं असताना मात्र रोज बघा, तेव्हा एका दिवसात शेंडा साफ होतो. फळमाशीसाठी क्यू ल्यूरचे (नर माश्यांना ओढणाऱ्या गंधाचे) सापळे लावा आणि किडकी फळं बांधावर न टाकता खोल पुरा.

प्रश्न: मुलीने शाळेच्या प्रकल्पासाठी काकडीचे तणावे गोळा केले. स्प्रिंगची गुंडाळी अर्ध्यावर जाऊन उलट्या दिशेने का फिरते? (सोलापूर)

मुलीची नजर चांगली आहे. तणाव्याचं टोक काठीला पक्कं धरलेलं, बूड वेलीला. दोन्ही टोकं अडकलेली असताना दोरी एकाच दिशेने गुंडाळायला गेलात तर तिला पीळ बसून ती तुटेल. म्हणून अर्धे वेढे डावीकडे, अर्धे उजवीकडे, आणि मध्ये एक सरळ तुकडा. दोन्ही बाजूंचे वेढे मोजायला सांगा, जवळपास सारखेच भरतील. ज्या तणाव्याला काही धरायला मिळालं नाही, तो सुकताना एकाच दिशेने गुंडाळलेला असतो. प्रकल्पात दोन्ही शेजारी चिकटवा.

अमेरिकी वनस्पतीशास्त्रज्ञ एसा ग्रे यांनी १८५८ मध्ये याच कुळातल्या वेलींच्या तणाव्यांवर टिपण लिहिलं. ते वाचून चार्ल्स डार्विन वेलींच्या मागे लागले आणि १८६५ मध्ये त्यांनी वेलींच्या हालचालींवर मोठा निबंध प्रसिद्ध केला. त्यासाठी ते सोसाट्याच्या वाऱ्यात बाहेर पडून कुंपणावरची ब्रायनी, म्हणजे तिकडची आपल्या कुळातलीच रानवेल, बघत उभे राहिले होते. झाडं हेलकावत होती, स्प्रिंगा ताणल्या जात होत्या, पण वेल सुटत नव्हती.

प्रश्न: गणपतीच्या माटवीला (मूर्तीवर टांगायच्या फळापानांच्या चौकटीला) कवंडळ बांधतो. ते विषारी असतं म्हणतात, घरात दोन वर्षांचा नातू आहे. (कुडाळ)

बांधा, पण उंच, आणि देठ घट्ट बांधा. लालबुंद फळ खाली पडलं तर पोर ते फोडणारच. आतला काळपट हिरवा गर आणि बिया पोटात जाता कामा नयेत. तोंडात घातलंच तर तोंड धुऊन थेट डॉक्टर, मीठपाणी पाजून उलटी काढायची नाही.

एक विनंती आहे. चतुर्थीच्या आधी बाजारात विकायला आणणारे अलीकडे अख्खी वेल ओढून काढतात. जाड मूळ राहिलं तर ती पुन्हा फुटते. कोयत्याने फळ देठासह कापा, वेलीवर एक-दोन ठेवा, आणि माटवी उतरवल्यावर फळं कचऱ्यात न टाकता रानाच्या कडेला फोडून टाका. कवंडळाची पांढरी, झालरीची फुलं रात्री उमलतात. एकदा विजेरी घेऊन नातवाला दाखवा.

प्रश्न: न्यू जर्सीत राहते. पुढच्या खेपेला करटोलीचे कंद आणि तोंडलीच्या काड्या बॅगेतून आणीन म्हणते. जगतील का?

जगण्याआधी विमानतळावर जप्त होतील. लागवडीचे कंद-काड्या न्यायला वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं, आणि हा नियम उगाच नाही. आपली साधी तोंडली हवाईत गेली आणि पाखरांनी बी पसरवल्यावर तिथली झाडं, विजेचे खांब, कुंपणं तिने झाकून टाकली. शेवटी १९९० च्या दशकात तिला खाणारे किडे आफ्रिकेतून आणून सोडावे लागले. न्यू जर्सीच्या थंडीत ती इतकी माजणार नाही, तरी नियम सगळ्यांना सारखाच. तिथल्या आशियाई भाज्यांची रोपं विकणाऱ्यांकडे तोंडली मिळते, ती कुंडीत लावा आणि हिवाळ्यात आत घ्या. करटोली भारतीय दुकानात गोठवलेली मिळतात. भाजी परतताना पाणी सुटतं, म्हणून फ्रीजरमधून थेट तापल्या तेलात टाका आणि झाकण ठेवू नका.