जांघेतला गजकर्ण वर्षभर जात नाही, रात्री खाजेनं झोप लागत नाही. काय करावं?

मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबवर क्लोबेटासोल किंवा बेटामेथासोन लिहिलंय का, ते आधी बघा. ही स्टेरॉइडं. खाज दबते, पण गजकर्ण ज्यानं होतो ती बुरशी पसरतच राहते. म्हणून ट्यूब सोडली की चट्टा आणखी मोठा होऊन येतो. फार त्रास होतो हो या प्रकारानं, अन् आपल्याकडे घरोघरी हेच चाललंय.

जिल्हा रुग्णालयात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, ती ट्यूबही सोबत न्या. चट्टा दिसेनासा झाला तरी सांगितलेले दिवस औषध पूर्ण घ्या. घरात आणखी कुणाला खाज असेल तर सगळ्यांचा इलाज एकदमच करा.

वावरातून आल्यावर घामाचे कपडे लगेच बदला. टॉवेल वेगळा ठेवा, चड्डी उलटी करून कडक उन्हात वाळवा. रात्री खाजवण्याऐवजी गार पाण्याचा फडका ठेवा, मग जागा कोरडी पुसा.