खांबावरचा भोंगा कोणत्या मॉडेलचा?

प्रश्न : कृष्णाकाठी खांबावरचा इशारा-भोंगा जमिनीवरून कसा ओळखावा? – एक वाचक, सांगली

उत्तर : आधी चाचणीच्या वेळी ऐका. मोटारीच्या भोंग्याचा सूर चढत जातो आणि वीज तोडल्यावरही चक्र फिरत राहिल्याने हळूहळू उतरतो. इलेक्ट्रॉनिक भोंगा मात्र झटक्यात थांबू शकतो. बोललेली सूचना ऐकू आली तर शंकाच नको. मग दुर्बिणीतून कर्णे मोजा. एकावर एक गोल तबकड्या दिसल्या तर फेडरल सिग्नल या अमेरिकी कंपनीचा ‘मॉड्युलेटर’ हा इलेक्ट्रॉनिक भोंगा असू शकतो. एकाच मालिकेतली मॉडेले बहुधा कर्ण्यांच्या संख्येवरून वेगळी होतात. रंगावर मुळीच विसंबू नका, खांब पुन्हा रंगवतात. खात्रीचा पुरावा खालच्या पेटीतल्या नावपट्टीवर. ती पेटी कर्मचाऱ्यांकडूनच उघडून घ्या, इलेक्ट्रॉनिक भोंग्याच्या पेटीत बॅटऱ्या आणि ॲम्प्लिफायर असतात.